अलास्का क्रूझवर अस्वलं पाहायची टूर: आधी तारीख, मग ओढा, मग तिकीट

प्रश्न थोडक्यात असा आहे: ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात सिअॅटलहून ७ रात्रींची अलास्का क्रूझ. वाटेत केचिकन, जुनो, स्कॅग्वे आणि व्हिक्टोरिया. सोबत सत्तरी ओलांडलेले आईबाबा (आईंच्या गुडघ्यांचा त्रास आहे) आणि ९ वर्षांची मुलगी. जहाजाच्या यादीत अस्वलांच्या सहा-सात टूर दिसतात, शंभरेक डॉलरपासून सहाशे-सातशेपर्यंत. त्यातली कुठली घ्यावी?

तारीख उत्तम निवडली आहे. अर्धं काम तिथेच झालं. बहुतेक जण टूरची निवड फोटो, किंमत आणि विमान आहे की नाही यावरून करतात. अस्वलाला यातल्या कशाशीच देणंघेणं नाही. ते मासा असेल तिथे येतं, आणि मासा ठरावीक ओढ्यात ठरावीक आठवड्यांतच चढतो. म्हणून टूरच्या पानावर सर्वांत आधी ओढ्याचं नाव शोधा. नाव दिलेलं नसेल तर विचारा. तरीही मोघम उत्तर आलं तर ती टूर सोडून द्या.

आग्नेय अलास्कात माशांचं वेळापत्रक ढोबळमानाने असं असतं. मे आणि जूनमध्ये या ओढ्यांत सामन (सॅल्मन) मासा सहसा चढलेला नसतो. अस्वलं किनाऱ्यालगतच्या पाणथळ गवतावर चरतात आणि ओहोटीला उघड्या पडलेल्या दगडांखाली खेकडे-शिंपल्या हुडकतात. ती दिसतात, पण विखुरलेली आणि लांबून. जुलैच्या मध्यापासून सॉकाय आणि चम या जाती येतात. जुलैअखेर ते सप्टेंबरचा पहिला आठवडा पिंक सामनचा, आणि ओढे खऱ्या अर्थाने भरतात ते तेव्हा. सप्टेंबर-ऑक्टोबर कोहोचा. कोणी जूनमधल्या क्रूझसाठी हाच प्रश्न विचारला तर उत्तर सरळ आहे: ओढ्यावरच्या टूरवर पैसे घालू नका, तेच पैसे जुनोला देवमासे पाहण्यात घाला. हंपबॅक जातीचे देवमासे मे ते सप्टेंबर तिथे असतातच.

आता कुठलं अस्वल कुठे. अॅडमिरल्टी, बॅरनॉफ आणि चिचागॉफ या तीन बेटांवर फक्त तपकिरी अस्वल आहे, काळं नाही. केचिकनच्या आसपास जवळजवळ सगळी काळीच. मुख्य भूमीवर दोन्ही. रंगावर जाऊ नका, काळ्या जातीतलं अस्वल दालचिनीच्या रंगाचंही असतं. तपकिरीच्या खांद्यावर उंचवटा असतो, चेहरा बशीसारखा आत वळलेला आणि पुढच्या पायांची नखं लांब. तपकिरीच पाहायचं असा हट्ट असेल तर केचिकनच्या बहुतेक टूर आपोआप बाद होतात. मासे पकडणारं अस्वल जवळून पाहिलं म्हणजे झालं असं असेल, तर काळं काही कमी नाही.

केचिकनला तुमच्यासाठी खरे पर्याय तीन.

पहिला हेरिंग कोव्ह, गावाच्या दक्षिणेला रस्त्याने साधारण ८ मैल. इथे ईगल क्रीक समुद्राला मिळतो आणि काठावरच्या खासगी जंगलातून लाकडी उंच पायवाटा काढल्या आहेत. बस थेट दारात नेते, विमान लागत नाही, हवा बिघडली तरी टूर रद्द होत नाही, आणि खर्च सगळ्यांत कमी. उणी बाजू म्हणजे गर्दी, आणि अस्वल कधी ५० फुटांवर तर कधी खाडीच्या पलीकडच्या काठावर. इथे भरती-ओहोटीचा मोठा वाटा आहे. केचिकनला मोठ्या भरती-ओहोटीतला फरक २० फुटांवर जातो. ओहोटीला मुखाशी पाणी उथळ होतं, मासे अडकतात आणि अस्वलं उघड्यावर येतात. भर भरतीला मासे खोल पाण्यात पसरतात आणि अस्वलं झाडीत वर सरकतात. टूरच्या दोन-तीन वेळा मिळत असतील तर नोआ (NOAA) या अमेरिकेच्या हवामान-समुद्र संस्थेच्या संकेतस्थळावर केचिकनचं भरतीचं कोष्टक उघडा आणि ओहोटीच्या जवळची वेळ घ्या. दोन मिनिटांचं काम आहे, पण फारसं कोणी करत नाही.

दुसरा ट्रेटर्स कोव्हमधला मार्गारेट क्रीक. टाँगस राष्ट्रीय वनातली ही जागा, फ्लोटप्लेनने, म्हणजे पाण्यावर उतरणाऱ्या छोट्या विमानाने, २०-२५ मिनिटं. उतरल्यावर लाकूडतोडीचा जुना रस्ता, मग जंगलातली पायवाट, आणि शेवटी माशांच्या शिडीशेजारी (माशांना वर चढता यावं म्हणून बांधलेल्या पाण्याच्या पायऱ्या) बांधलेला मचाण. मासा शिडीपाशी दाटतो, त्यामुळे अस्वलं त्याच ठिकाणी पुन्हा पुन्हा येतात. जुलैअखेर ते सप्टेंबरच्या पूर्वार्धात गेलात तर पैसे वसूल.

तिसरा नीट्स बे. इथे सामनची हॅचरी (मासे पैदास केंद्र) आहे, परतणारे मासे थेट तिच्या दाराशी येतात. ऑगस्टमध्ये काळी अस्वलं अगदी जवळून दिसतात. काहींना हॅचरीच्या भिंती आणि जाळ्या फोटोत खुपतात. निव्वळ रानातलं दृश्य हवं असेल तर ट्रेटर्स कोव्ह, अस्वलांची संख्या हवी असेल तर नीट्स बे.

रँगल गावाजवळचा अॅनन क्रीक या सगळ्यांच्या वरचा आहे. काळं आणि तपकिरी एकाच धबधब्यावर दिसण्याच्या मोजक्या जागांपैकी एक. ५ जुलै ते २५ ऑगस्ट रोज ६० जणांनाच परवाना मिळतो. केचिकनहून काही कंपन्या विमानाने नेतात. पण त्या जागा फार आधी जातात, अर्ध्या मैलाची वाट पायऱ्यांची आणि चढउताराची आहे, आणि तिथे पाण्याखेरीज काहीही खायला-प्यायला नेता येत नाही. आईंच्या गुडघ्यांना तो प्रवास झेपणार नाही.

जुनोला पॅक क्रीकचं नाव हमखास समोर येईल. अॅडमिरल्टी बेटाचं त्लिंगिट (इथल्या मूळ रहिवाशांच्या भाषेतलं) नाव कूट्झनूवू, म्हणजे अस्वलांचा गड. बेटावर दीड हजाराच्या आसपास तपकिरी अस्वलं आहेत, चौरस मैलाला साधारण एक. पॅक क्रीकला मुख्य हंगामात, ५ जुलै ते २५ ऑगस्ट, दिवसाला २४ माणसांचीच मर्यादा आहे. जागा अप्रतिम, पण क्रूझच्या प्रवाशाला बसत नाही. जवळजवळ दिवसभराचा कार्यक्रम, चिखलात आणि ओल्या वाळूत लांब रबरी बूट घालून चालणं, आणि जुनोला जहाज दुपारी लागणार असेल तर प्रश्नच मिटला. जुनोला रात्रभर थांबणारं छोटं जहाज असेल, किंवा क्रूझला जोडून तिथे मुक्काम असेल, तरच विचार करा.

जुनोला तुमच्यासाठी मेंडेनहॉल हिमनदीचा परिसर आहे, आणि तो यादीत ‘अस्वल टूर’ म्हणून लिहिलेला नसतो. पाहुणे केंद्राच्या गाडीतळालगत स्टीप क्रीक नावाचा लहानसा ओढा आहे. जुलैच्या मध्यापासून त्यात लालभडक सॉकाय चढतात आणि काळी अस्वलं, बरेचदा पिल्लांसह, उंच लाकडी वाटेच्या खालून जातात. वाट सपाट आहे, चाकाची खुर्चीही बऱ्याच भागात जाते. धक्क्यावरून शटल बस मिळते. शहराची बस केंद्रापासून दीड मैल अलीकडे सोडते, तेवढं चालायची तयारी असेल तरच तिचा विचार करा. दोन सूचना. शटल कंपन्यांना वनखात्याच्या परवान्याची मर्यादा असते, म्हणून गर्दीच्या दिवशी तिकिटं संपतात. आधी घेऊन ठेवा. दुसरं, हिमनदीच्या वरच्या अंगाला सुइसाइड बेसिन नावाचं बर्फाने अडवलेलं तळं आहे. ते फुटून २०२३, २०२४ आणि २०२५ या तिन्ही वर्षी ऑगस्टमध्येच मोठे पूर आले. पुराच्या दिवशी रस्ते बंद होतात. आदल्या दिवशी स्थानिक सूचना पाहा. शिवाय एखादी आई पिल्लांसह वाटेवरच ठाण मांडून बसली तर वनरक्षक वाटेचा तो तुकडा बंद करतात. वाद घालू नका, वीस मिनिटांत बहुतेक वेळा उघडतो.

स्कॅग्वे गावात अस्वलाची आशा धरू नका. तिथून वेगवान बोटीने पाऊण तासात हेन्स, आणि पुढे चिल्कूट नदी. तळं आणि समुद्र यांच्यामधला हा जेमतेम मैलभराचा पट्टा, मधे मासे मोजायला नदीत आडवं घातलेलं कुंपण (वीयर), आणि तपकिरी अस्वलं. पण तिथला खरा हंगाम ऑगस्टच्या मध्यापासून ऑक्टोबरपर्यंत. तुमच्या तारखा अगदी सीमेवर आहेत. सप्टेंबरची क्रूझ असती तर हीच पहिली पसंती ठरली असती.

बाकी नावं पटकन उरकू. सिटकाचं ‘फोर्ट्रेस ऑफ द बेअर’ हे अनाथ झालेल्या अस्वलांचं आश्रयस्थान आहे, जुन्या कागदलगद्याच्या गिरणीच्या टाक्यांमध्ये. अस्वल दिसणारच, पण ते पिंजऱ्यातलं पाहणं आहे हे मुलीला आधी सांगा. आयसी स्ट्रेट पॉइंटच्या टूर चिचागॉफवरची तपकिरी अस्वलं ‘शोधतात’. बेटावर ती भरपूर, पण टूरच्या नावातला ‘शोध’ हा शब्द गांभीर्याने घ्या. आणि धबधब्यावर उभं राहून तोंडात मासा झेलणाऱ्या अस्वलाचा तो प्रसिद्ध फोटो? तो कटमाई राष्ट्रीय उद्यानातल्या ब्रुक्स फॉल्सचा. तुमच्या एकाही बंदरातून तिथे जाता येत नाही. अँकरेज किंवा होमरहून वेगळा दिवस आणि वेगळं विमान लागतं, आणि तिथला मुख्य हंगाम जुलैत, मग पुन्हा सप्टेंबरात. टूरच्या जाहिरातीत हा फोटो दिसला तर ती कंपनी आणखी कशाकशात सैल असेल याचा अंदाज बांधा.

आता वेळेचं गणित, कारण सगळ्यांत जास्त घोटाळे इथेच होतात. ‘३ तासांची टूर’ म्हणजे धक्क्यापासून धक्क्यापर्यंत ३ तास. विमानाची टूर असेल तर त्यातून गाडीने विमानतळावर जाणं, वजन, सुरक्षेची माहिती, जायची-यायची उड्डाणं आणि चालणं वजा करा. ओढ्यावर उरतात एक-सव्वा तास. कंपनीला थेट विचारा: प्रत्यक्ष पाहण्याच्या जागी किती मिनिटं? दोन टूरची तुलना याच आकड्यावर करा, डॉलरवर नाही. केचिकनला जहाजं बरेचदा सहा-आठ तासच थांबतात, आणि सुटायच्या अर्धा तास आधी सगळ्यांनी वर यायचं असतं. काही जहाजं गावात न लागता वॉर्ड कोव्हला लागतात, म्हणजे उत्तरेला ७ मैल. गावापर्यंतची बस धरून जाता-येता तास धरा. शिवाय सिअॅटलच्या वेळेपेक्षा अलास्काची वेळ एक तास मागे. जहाज कुठल्या वेळेवर चालतं आहे आणि तिकिटावर कुठली वेळ छापली आहे हे आदल्या रात्री नक्की करा. फोन कधी आपोआप बदलतो, कधी नाही. एक साधं मनगटी घड्याळ जहाजाच्या वेळेला लावून ठेवलेलं बरं.

फ्लोटप्लेनबद्दल थोडं सविस्तर. बहुधा बीव्हर नावाचं छोटं विमान असतं, प्रवासी सहा. त्याहून मोठं ऑटर, प्रवासी दहाच्या आसपास. प्रत्येकाचं खरं वजन कपडे आणि कॅमेऱ्यासकट विचारतात, कारण जागा त्यावरून ठरतात. संकोचाने दहा किलो कमी सांगण्याची ही जागा नाही. ठरावीक वजनापुढे जादा आसनाचे पैसे लागतात, ती मर्यादा आधी वाचा. चढायचं म्हणजे तरंगत्या फळीवरून विमानाच्या फ्लोटवर पाय, तिथून दोन-तीन अरुंद पायऱ्या, मग वाकून आत. गुडघ्यांचा त्रास असणाऱ्याला चढण्यापेक्षा उतरणं अवघड जातं. आणि मोठ्या ओहोटीला धक्क्यावरून तरंगत्या फळीकडे जाणारा उतार घसरगुंडीसारखा तिरपा होतो. टूरच्या पानावर ‘सोपी’ असं लिहिलेलं असतं ते पायवाटेबद्दल, या उताराबद्दल नाही.

ही विमानं डोळ्यांना दिसेल त्या हवेतच उडतात. ढग खाली आले, धुकं बसलं की उड्डाण नाही. केचिकनला वर्षाला साडेतीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, मुंबईपेक्षा बराच जास्त. म्हणजे टूर रद्द होणं ही नेहमीची गोष्ट. वैमानिक नाही म्हणाला तर त्याला मनवायला जाऊ नका. जून २०१५ मध्ये केचिकनजवळ क्रूझच्या प्रवाशांना घेऊन जाणारं विमान खराब हवेत डोंगरावर आदळून ९ जण गेले, आणि तपासात धंद्यातल्या स्पर्धेच्या दबावाकडेही बोट दाखवलं गेलं. मे २०१९ मध्ये दोन पर्यटक विमानांची हवेत टक्कर होऊन ६ जण गेले. घाबरवण्यासाठी हे सांगत नाही. पण जहाज सुटायच्या तोंडावरची शेवटची फेरी घेऊन वैमानिकावर घड्याळाचं ओझं टाकू नये. सकाळची फेरी घ्या, आणि ती रद्द झाली तर त्याच दिवशी हेरिंग कोव्हला जाता येईल इतका वेळ ठेवा.

जहाजाची टूर की बाहेरची? त्याच ओढ्याची तीच टूर स्थानिक कंपनीकडून घेतली तर बरेचदा स्वस्त पडते, गटही लहान. जहाजाकडून घेतलेल्या टूरला उशीर झाला तर जहाज थांबतं किंवा पुढच्या बंदरापर्यंत पोचवायची जबाबदारी त्यांची. भारतीय पासपोर्ट असणाऱ्यांना इथे एक जास्तीची बाब लक्षात घ्यावी लागते. केचिकनला जहाज चुकलं आणि पुढचं बंदर व्हिक्टोरिया असेल तर स्वतः विमानाने कॅनडात शिरायचं आहे; कॅनडाचा व्हिसा पासपोर्टवर हवा आणि पासपोर्ट जहाजाच्या तिजोरीत नको, खिशात हवा. म्हणून माझं मत: विमानाची टूर जहाजाकडून घ्या, रस्त्याने होणारी बाहेरून. रद्द झाल्यास पैसे पूर्ण परत की फक्त पुढची तारीख, हेही वाचा. पुढची तारीख तुमच्या काहीच कामाची नाही. ‘अस्वल दिसण्याची हमी’ असेल तर दिसलं नाही तर किती रक्कम परत, ते पाहा.

ओढ्यावर काय करायचं? ताडोब्याच्या सफारीची सवय असेल तर ती विसरा. तिथे जिप्सी प्राण्यामागे जाते, इथे माणूस एका जागी उभा राहतो आणि प्राणी येतो-जातो. आपल्याकडचं अस्वल वाघापेक्षा भीतिदायक मानतात, कारण ते झाडीत अचानक समोर येतं आणि बिथरतं. सामनच्या ओढ्यावरचं अस्वल पोट भरण्यात गर्क असतं आणि रोज त्याच मचाणावर माणसं पाहून सरावलेलं असतं. तरी नियम मोडायचे नाहीत. गट सोडायचा नाही, पळायचं नाही, हळू आवाजात बोलायचं, आणि खिशात खाणं नाही: दशमी, चिवडा, चॉकलेट, च्युइंगम, सगळं जहाजावर. मुलीच्या सॅकचे सगळे कप्पे स्वतः तपासा. अस्वलावर मारायचा तिखट फवारा तुम्ही नेऊ नका. जहाजावर आणि विमानाच्या आत त्याला बंदी असते, वाटाड्याकडे तो असतोच.

घरात शाकाहारी मंडळी असतील तर आधीच सांगून ठेवा: ऑगस्टमधल्या ओढ्याला सडलेल्या माशांचा जबर वास येतो. पिंक सामन अंडी घालून मरतो, काठावर खच पडतो. मासे मुबलक असले की अस्वल अख्खा मासा खातही नाही. पंजाखाली दाबून मेंदू आणि अंडी तेवढी ओरपतं, कातडं सोलतं, उरलेला मासा तिथेच टाकून दुसरा धरतं. टाकलेल्या माशावर सीगल आणि गरुड टपलेले असतात. मुलीला हे अस्वलाइतकंच आवडेल.

कपडे: वरून खरं पाणी न शिरणारं जॅकेट आणि पँट, आत लोकरीचा किंवा फ्लीसचा थर, जीन्स नाही. छत्री मचाणावर मागच्याच्या डोळ्यात जाते, ती नको. कॅमेरा असेल तर ३०० ते ४०० मिलिमीटरची लेन्स पुरते. उंच स्प्रूस-हेमलॉकखाली उजेड फार कमी असतो, म्हणून आयएसओ १६०० ते ३२०० आणि शटर १/५०० च्या खाली नको, नाहीतर उडणारं पाणी आणि मासा दोन्ही पुसट येतात. फ्लॅश नाही. कॅमेरा नसेल तर चौघांत मिळून ८×४२ ची एक दुर्बीण, फोनवर विसंबू नका.

तुमच्या कुटुंबापुरतं सांगायचं तर: जुनोला सगळ्यांनी मेंडेनहॉल, शटलची तिकिटं आधी, तिथे किमान अडीच-तीन तास, जमल्यास त्याच दिवशी देवमाशांची बोट. केचिकनला आईबाबांनी हेरिंग कोव्ह, ओहोटी पाहून. तुम्ही आणि मुलगी सकाळच्या फेरीने ट्रेटर्स कोव्ह, कंपनीची किमान वयाची अट पाहून. बजेट नसेल तर चौघांनीही हेरिंग कोव्ह. मेंडेनहॉल जोडीला असताना फार काही बुडत नाही. केचिकन सहलीच्या शेवटी येत असेल तर मेंडेनहॉलला जास्त वेळ द्या, कारण केचिकनला हवेने दगा दिला की दुसरी संधी नाही. ऑगस्टमधल्या विमानाच्या जागा वसंतातच भरू लागतात. क्रूझचं तिकीट पक्कं झालं की त्याच आठवड्यात टूर घ्या, आणि मोफत रद्द करायची शेवटची तारीख कॅलेंडरवर टाका.